करवंटीचे अपेक्षित उपयोग

तुमच्या आईने परवा व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तुमच्या शाळेत 'गिफ्टेड' मुलं निवडण्यासाठी चाचणी होणार आहे, आणि तिची काही तयारी करून घ्यावी का, असं तिने मला विचारलं. विचारलं हे बरं केलं. अशा एका चाचणीची तयारी आमच्या सोसायटीने केली होती आणि ती चाचणी माझ्याच डायनिंग टेबलावर पार पडली. म्हणून ही हकीकत लिहून पाठवते. अवघड शब्द बाबांना विचारा. बाबाही अडला तर मात्र मला कळवू नका. त्याच्या शिक्षणासाठी आम्ही पुष्कळ कष्ट घेतले आहेत.

गेल्या वर्षी दिवाळी संपली आणि आमच्या नोटीस बोर्डावर, टाकी धुण्याच्या आणि पार्किंगच्या भांडणाच्या सूचनांमध्ये, एक नवा कागद लागला. 'सर्जनशीलता आणि प्रज्ञावान विद्यार्थी : एक अभ्यास'. चौथी ते सातवीची मुलं हवी आहेत. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की यात गुण नाहीत, पास-नापास नाही, कसलीही निवड नाही आणि मुलांची नावं कुठेही छापली जाणार नाहीत.

कागद लावणारी मुलगी शिक्षणाच्या मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. इथेच बेलापूरजवळच्या खाडीकाठच्या गावातली. वडिलांचा मासळीचा धंदा, घरात पदवीपर्यंत पोचलेली तीच पहिली. शाळेतली चांगली नोकरी सोडून ती या अभ्यासाला बसली होती. तिचा प्रश्न साधा होता: शाळेतले मार्क आणि डोक्यातल्या कल्पना यांचा एकमेकांशी काही संबंध असतो का? आमच्या सोसायटीच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता. कल्पनेला मार्क असतील तर संबंध आहे, नसतील तर कल्पनेचं काय लोणचं घालायचंय?

इतकं स्वच्छ लिहिल्यावर कोणाचा गैरसमज होणार नाही, असं त्या मुलीला वाटलं होतं. शिकलेली होती, पण फ्लॅटमध्ये राहिलेली नव्हती. आमच्याकडे त्या कागदाचा अर्थ एका संध्याकाळीत लागला. निवड आहे, फार मोठी आहे, म्हणूनच तर लपवतायत.

"फुकट कोण करतं हो काकू एवढं?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या. "नक्की स्कॉलरशिपचं असणार. माझी बहीण म्हणते, फॉरेनचं पण असेल."

"तिने लिहिलंय की निवड नाही."

"लिहिणारच ना! नाहीतर सगळेच नाही का येणार?"

तेवढ्यात माझा मजला आला.

चाचणीसाठी शांत जागा हवी होती. सोसायटीच्या ऑफिसात गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या राहतात, त्यामुळे सेक्रेटरींनी परस्पर माझं घर देऊन टाकलं. "काकूंकडे घ्या. घर टापटीप, नातवंडं तिकडे लांब. पसारा करायला आहे कोण?" तुम्ही इथे नसण्याचा सोसायटीला असाही उपयोग आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

आता चाचणी कशी असते ते समजून घ्या. मुलासमोर एखादी साधी वस्तू ठेवायची आणि विचारायचं, हिचे काय काय उपयोग करता येतील? सुचतील तितके लिही. मग दोन गोष्टी बघायच्या. किती सुचलं, आणि वेगळं किती सुचलं. वेगळं म्हणजे जे बाकीच्या मुलांना सुचलेलं नाही ते. सगळ्यांनीच एखादं उत्तर लिहिलं तर ते कितीही छान असो, वेगळेपणाच्या खात्यात त्याची किंमत शून्य. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आमच्या सोसायटीने ठेवली नाही.

वस्तू म्हणून तिने नारळाची करवंटी निवडली होती. तिच्या घरी करवंट्यांचा ढीग, त्यामुळे ही वस्तू प्रत्येक मुलाच्या ओळखीची असणार, असा तिचा हिशोब. आमच्या मुलांच्या ओळखीचा नारळ पिशवीत मिळतो, खवलेला, फ्रीजरमधून काढायचा. पण तो मुद्दा वेगळा.

मुख्य चाचणीच्या आधी सूचना मुलांना कळतात की नाही हे बघायला तिने चार-पाच मुलांची एक रंगीत तालीम घेतली. ती उत्तरं अभ्यासात धरायची नव्हती. मुलांनी करवंटी उलटसुलट करून पाहिली, एकाने डोक्यावर घातली, एकीने कानाला लावली, काहीबाही लिहिलं आणि चकल्या खाऊन घरी गेली. खाली उतरताच त्यांची उलटतपासणी झाली. काय विचारलं? कितीला विचारलं? ऑप्शनला होतं का? लहान मुलं ती, पहिल्या प्रश्नालाच फुटली. रात्रीचा वरणभात व्हायच्या आत आमच्या बिल्डिंगमध्ये पेपर फुटलेला होता: करवंटी.

तळमजल्यावर एक बाई क्लास चालवतात. सगळे बोर्ड, सगळे विषय, हस्ताक्षर, अॅबॅकस आणि उन्हाळ्यात संस्कार. मुलं त्यांना मिस म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचा सिद्धान्त असा की जगात प्रत्येक गोष्टीचे अपेक्षित प्रश्न असतात आणि त्यांची अपेक्षित उत्तरं असतात. ती मुलांपर्यंत वेळेवर पोचवणं म्हणजे शिक्षण. मी स्वतः नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथेही आम्हाला सूर्यास्तावर निबंध लिहायला सांगत आणि सूर्यास्त कसा वाटला पाहिजे हे आधी फळ्यावर लिहून देत. त्यामुळे मिसना मी नावं ठेवत नाही. परंपरा जुनी आहे, फक्त तेव्हा घंटा पितळेची होती.

मिसनी नारळ आणला, फोडला, खोबरं प्रसादासारखं वाटलं आणि करवंटी टेबलावर ठेवून 'क्रिएटिव्हिटी क्रॅश कोर्स' सुरू केला.

चाचणीच्या दिवशी मुलं आली ती भांग पाडून, परीक्षेच्या पॅडसकट. एकीच्या कपाळावर तर देवाचा अंगारा होता. संशोधक मुलीने करवंटी मध्ये ठेवली आणि गोड आवाजात सूचना वाचून दाखवली. "यात बरोबर-चूक काही नाही. तुला जे सुचेल ते..." तिचं वाक्य संपायच्या आत पेन्सिली धावू लागल्या. करवंटीकडे एकानेही पाहिलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. एवढ्या शिस्तीत कल्पना सुचताना मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

"ए, कासवाच्या नंतर काय होतं?" एकाने शेजाऱ्याला विचारलं.

"हेल्मेट. मंगळावरचं."

"ते झालं. त्याच्यानंतर?"

"भूकंपाची घंटा."

संशोधक मुलगी चमकली. "हे तुला स्वतःला सुचतंय ना?" तिने विचारलं.

"हो मॅडम, स्वतःचंच आहे," तो म्हणाला. "आमच्या मिस म्हणाल्या, एकदा पाठ केलं की ते आपलंच."

मुलं गेल्यावर ती कागद चाळत बसली. जवळजवळ प्रत्येक कागदावर, त्याच क्रमाने, पक्ष्यांना पाणी, पर्यावरणपूरक पेनस्टँड, कासवाची पाठ, मंगळावरच्या माणसांसाठी हेल्मेट, भूकंपाची घंटा आणि आजोबांसाठी कानाचं यंत्र. हे शेवटचं तुमच्या आजोबांनी वाचलं आणि दोन दिवस कोणाचं काही ऐकू आलं तरी उत्तर दिलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट आहे म्हणजे एखादं मूल निघालंच असेल ज्याने काहीतरी अलौकिक लिहिलं. तसं काही झालं नाही. एका मुलीला गालगुंड झालं होतं म्हणून तिचा क्लास बुडाला होता. तिने तीनच उपयोग लिहिले: दादाला मारायला, दादाच्या बुटात ठेवायला, आणि दादा झोपला की त्याच्या पोटावर ठेवून बघायला. तिची आई माझ्याकडे येऊन रडून गेली, की काकू, आठवडा वाया गेला हो, पोरीचं नुकसान झालं. संशोधक मुलीने मात्र तो एकच कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदा हसली.

हसू फार टिकलं नाही. हे कागद तिला तिच्या मार्गदर्शक सरांना दाखवायचे होते. तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती, एकदा वाढवून मिळालेली होती, आणि आता सरांनी सही केली तरच पुढे. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली तेव्हा चप्पल काढायचं विसरली. एरवी माझ्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलणारी मुलगी, पण त्या दिवशी तिच्या घरची बोलीच बाहेर पडली.

"आजी, सर बोलतान का मीच लिवलाय सगला!"

मी तिला आधी पाणी दिलं. मग नीट कळलं ते असं. सर म्हणाले, हस्ताक्षरं वेगळी आहेत, पण इतक्या मुलांना तीच उत्तरं त्याच क्रमाने सुचणं शक्य नाही. एक तर तू मुलांना ती सांगून लिहून घेतलीस, नाहीतर कोणाकडून भरून घेतलीस. "मी म्हणाले, सर, क्लासने शिकवलं. सर म्हणाले, सर्जनशीलतेचा क्लास? थापा तरी पटतील अशा मार." सरांना दुसऱ्या कोणाच्या तोंडून, लेखी हवं होतं. नाहीतर सही नाही. सही नाही तर नोंदणी नाही. नोकरी आधीच सोडलेली.

मी सरांना फोन केला. फार सभ्य गृहस्थ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही तो क्लास स्वतः पाहिलात?" मी पाहिला नव्हता. "मग ज्यांनी मुलांना पाठवलं त्या पालकांकडून मिळेल का काही? नक्की कोणी तयारी करून घेतली, घरी किती, क्लासमध्ये किती?" माणूस शंका घेत होता, पण रीतसर घेत होता. अशा माणसाचा मला राग येत नाही.

मी आधी सरळ मार्गाने गेले. मिसकडे गेले.

"मी? छे हो काकू!" मिस म्हणाल्या. "मी फक्त करवंटीबद्दल थोडं जनरल नॉलेज दिलं. मुलांना कळायला नको का, करवंटी म्हणजे काय?"

"आणि मंगळावरचं हेल्मेट?"

"आजकालची मुलं ना काकू, फार हुशार असतात."

तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे मला चहा मिळाला आणि कळलं की त्यांच्या चिरंजीवांना सगळं आपोआप सुचतं, अगदी झोपेतसुद्धा सुचतं, आणि क्लासला तो जातो तो केवळ मित्रांसाठी. गालगुंडवाल्या मुलीची आई तेवढी खरं बोलायला तयार होती, पण तिच्या मुलीनेच क्लास बुडवलेला! बाकी सगळ्या घरांनी मूग गिळले. माझ्या लक्षात आलं की प्रत्येकाला एकच भीती होती: आपण कबूल केलं तर आपल्या मुलाचं नाव यादीतून कटणार. यादीच नाही, हे सांगून मी थकले. नसलेल्या यादीतून नाव कटू नये म्हणून माणसं काय वाटेल ते करतात.

"त्या मुलीचं करिअर जाईल," मी मिसना पुन्हा म्हणाले.

"वाईट वाटतं हो," मिस म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं. त्यांनी तिच्यासाठी रव्याचे लाडूही दिले. लेखी काही दिलं नाही.

मग मी दोन दिवस विचार केला. माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या पद्धतीने मागत होते. मी कबुली मागत होते. आमच्या सोसायटीत कबुली कोणी देत नाही. टेरेसवरची टाकी कोणी उघडी ठेवली हे आजतागायत कळलेलं नाही. पण गेल्या गणपतीतला देखावा कोणाच्या कल्पनेतला, हे विचारा. निदान सहा जण पुढे येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस लिफ्टपाशी भेटल्या. मी म्हणाले, "अहो, त्या सरांचा फोन झाला. मुलांची उत्तरं बघून खूष दिसले. विचारत होते, एवढी तयारी नक्की कोणी करून घेतली? क्लासचा वाटा किती, पालकांचा किती? त्यांना लेखी हवंय."

यातलं 'खूष' एवढं माझं. बाकी सगळं सरांचं, शब्दाला शब्द.

दुपारच्या आत मिस माझ्या दारात. हातात टाईप केलेला कागद आणि मोबाईलवर फळ्याचे फोटो. फळ्यावर एकाखाली एक सगळे उपयोग, शेजारी 'पाठ करणे' अशी सूचना, आणि एका कोपऱ्यात चांदणी काढून 'हमखास'. "काकू, माझं नाव नीट येईल ना? क्लासचंही घाला."

मिस गेल्या न गेल्या तोच तिसरा मजला उतरला. त्या बाई आल्या त्या नवऱ्याला घेऊन. तो महापेला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

"काकू, मिसनी काय दिलंय लिहून?" बाईंनी विचारलं. "सगळं मीच केलं, असंच ना? मंगळाचं हेल्मेट आमचं आहे. आम्ही दिलं त्यांना."

"तुमच्या मुलाला सुचलं?"

"ह्यांना."

नवरा जरा अवघडला. "म्हणजे मी एआयला विचारलं. पण प्रॉम्प्ट माझा होता हं काकू. सात-आठ वेळा बदलला, तेव्हा कुठे हेल्मेट आलं."

"हे लिहून द्या," मी म्हणाले आणि पेन पुढे केलं. त्याने प्रॉम्प्टसकट लिहून दिलं.

संध्याकाळपर्यंत माझ्या बेलला उसंत नव्हती. पेनस्टँड दुसऱ्या मजल्यावरच्या आईचा होता. भूकंपाच्या घंटेवर दोन घरांनी हक्क सांगितला आणि ती दोन्ही माणसं माझ्या सोफ्यावर बसून भांडली. कासवाच्या पाठीसाठी एका बाईंनी आपल्या दिवंगत सासऱ्यांचं नाव घातलं. कानाचं यंत्र कोणाचं, हे विचारायला तुमचे आजोबा खास बाहेर येऊन बसले होते. ते सेक्रेटरींचं निघालं. त्यांच्या घरात आठवीच्या खालचं मूलही नाही. पण मिसना मदत म्हणून त्यांनी दिलं होतं. एकाही कागदावर कोणी असं लिहिलं नाही की हे माझ्या मुलाला सुचलं. आदल्याच आठवड्यात ज्या मुलांना झोपेत सुचत होतं, त्यांची प्रतिभा एका दुपारीत आटली.

संशोधक मुलगी तो गठ्ठा घेऊन सरांकडे गेली. सरांनी मला फोन केला. त्यांना हसू आवरेना. मला वाटलं, ठसका लागला आहे. मग म्हणाले, "बाई, मी तिची माफी मागितली आहे. आणि हे कागद फेकायचे नाहीत. मुलांची सर्जनशीलता यातून मोजता येणार नाही, पण पालकांबद्दल यातून जे कळतंय, त्याचं एक स्वतंत्र प्रकरण होईल." सही झाली. मुदत वाढली. मुलांचा भाग मात्र तिला पहिल्यापासून करावा लागणार होता, दुसरीकडे कुठेतरी.

प्रबंधात आपल्यावर प्रकरण येणार, ही बातमी सोसायटीला कळली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर पेढे आले. नावं येणार नाहीत, 'पालक क', 'पालक ख' अशी अक्षरं येतील, हे कळल्यावर थोडी नाराजी झाली. मिसनी एवढंच विचारलं की मग 'क' मीच ना? आणि सेक्रेटरींनी विचारलं, हे सगळं ठीक आहे, पण यादी कधी लागणार?

ती मुलगी महिन्याभराने माझ्याकडे आली. नवी परवानगी मिळाली होती, दुसऱ्या दिवसापासून कोपरखैरण्याच्या एका शाळेत काम सुरू. चेहऱ्यावर रंग आला होता. वडिलांनी पाठवलेली कोलंबी तिने ओट्यावर ठेवली आणि यावेळी चपला दाराबाहेर काढून आली. मी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली होती. खाता खाता मी सहज विचारलं, "यावेळी काय ठेवणार गं मुलांसमोर? करवंटी तर आता चालणार नाही."

तिने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग खिचडीकडे पाहिलं.

"आजी, सॉरी हं," ती म्हणाली. "नाही सांगणार."

"मला?"

"कोणालाच नाही."

इतकी मदत केल्यावर हे उत्तर! मला राग आला, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही. तुमचे आजोबा पेपरामागे हसत होते, तो कागद हलताना मला दिसत होता. कोपरखैरण्याला माझी एक मैत्रीण राहते. तिची नात पाचवीत आहे. मी तिला काही सांगितलं असतं, असं माझं म्हणणं नाही. पण मी सांगणार नाही, हे त्या मुलीने गृहीत धरलं नाही, आणि तिने ते धरू नये एवढी अक्कल तिला आमच्याच बिल्डिंगमध्ये आली होती.

मी तिला आणखी खिचडी वाढली आणि विषय कोलंबीकडे नेला.